कांचेच्या पेटींतील रक्तबीज

रक्तबीज राक्षसाची पुराणांतील कथा सर्वांच्या परिचयाची आहे. त्याच्या रक्ताचा जो जो थेंब भूमीवर पडे, त्यापासून तसाच दुसरा राक्षस उभा राही. म्हणजे शस्त्राचा घाव हाच त्याच्या वाढीस कारण होई. या कथेची आठवण करून देणारा एक प्राणी समुद्रांत खरोखरच आहे. त्याचें नांव समुद्रपुष्प. दिसावयास तें फूल, पण जातीनें प्राणी. खडकास चिकटलेलें देठासारखें अंग, टोंकास तोंड आणि तोंडाभोंवतीं पाकळ्यांसारखे तंतु. या तंतूंत सूक्ष्म विषारी डंख दडलेले असतात.

तोडल्यानें वाढणाऱ्या प्राण्यांची शास्त्रीय ओळख युरोपांत प्रथम गोड्या पाण्यांत झाली. जिनिव्हाचा अब्राहाम ट्रेम्ब्ले हा हेग शहराजवळ एका सरदाराच्या मुलांचा शिक्षक होता. इ. स. १७४० मध्यें त्यानें डबक्यांतील हायड्रा नांवाचा चिमुकला जीव कापून पाहिला, तों प्रत्येक तुकड्यापासून पूर्ण प्राणी तयार झाला. त्याचा ग्रंथ १७४४ मध्यें निघाला, आणि प्राणी कशास म्हणावें व वनस्पति कशास, याविषयीं विद्वानांत मोठी चर्चा माजली. पुढें फ्रान्समधील ल हाव्र बंदरीं दिक्मार नांवाच्या धर्मगुरूनें समुद्रपुष्पांवर असेच प्रयोग केले. त्यांचे वृत्तांत लंडनच्या रॉयल सोसायटीनें १७७३ पासून प्रसिद्ध केले.

त्या काळीं समुद्रपुष्प मारावें कसें हा प्रश्नच नव्हता. तें जगवावें कसें हीच विवंचना होती. अ‍ॅना थिन या बाईंनीं १८४६ मध्यें टॉर्की येथील किनाऱ्यावरून कांहीं प्रवाळ लंडनला नेले. खारें पाणी नासूं नये म्हणून उघड्या खिडकीजवळ तें एका भांड्यांतून दुसऱ्यांत पुनःपुन्हां ओतलें जाई. पुढें त्यांनीं भांड्यांत समुद्रवनस्पति सोडल्या आणि तो खटाटोप पुष्कळ हलका झाला. १८५० मध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें वनस्पति, मासे व गोगलगाई यांचा परस्परांस होणारा उपयोग दाखवून दिला. १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि पुढल्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकानें ही हौस घरोघर पोंचविली. लोक किनाऱ्यावर इतके लोटले कीं, आपल्या वडिलांच्या प्रिय खडकांचें वैभव लुटलें गेल्याची खंत गॉसच्या मुलानें १९०७ मध्यें लिहून ठेवली.

समुद्रपुष्पाच्या चिवटपणाचा नमुना एडिंबरो येथें पाहावयास मिळाला. सर जॉन डॅलिएल यानें १८२८ मध्यें आणलेलें एक समुद्रपुष्प १८८७ पर्यंत, म्हणजे ५९ वर्षें, जगलें. डॅलिएल १८५१ मध्यें वारला. त्याच्यामागें इतरांनीं तें सांभाळलें. लोक त्यास कौतुकानें ‘आजीबाई’ म्हणत.

याच गॉसनें १८५८ मध्यें समुद्रपुष्पांच्या एका वंशास ‘ऐप्टेशिया’ हें नांव दिलें. आज कीड मानली जाणारी जात दीर्घकाळ याच वंशांत गणली जात होती, आणि हौशी लोक तिला अद्याप त्याच नांवानें ओळखतात. काळ पालटला तो जिवंत खडकांमुळें. जाकार्ता येथील ली चिन एंग यानें १९६१ मध्यें आपली रीत प्रसिद्ध केली. समुद्रांतील जीवांनीं भरलेला खडक पेटींत ठेवावा, हवेचे बुडबुडे सोडावे, आणि पाणी शुद्ध राखण्याचें काम निसर्गाकडे सोंपवावें, असा तिचा आशय. या रीतीनें घरांत प्रवाळ वाढविणें सुलभ झालें. पण खडकाच्या भेगांत लपून हा तपकिरी पाहुणाही घरांत आला. तो शेजारच्या प्रवाळांस डंख करतो, त्यांची जागा बळकावतो, आणि वर्षानुवर्षें जोपासलेली बाग उजाड करूं शकतो.

चाकूनें खरवडणें हा मनांत येणारा पहिला उपाय. तोच सर्वांत घातक. या प्राण्याच्या तळव्याचे बारीक तुकडे आपोआपही सुटतात, आणि प्रत्येकापासून नवें समुद्रपुष्प होतें. पाती फिरली कीं एकाचे दहा झालेच. म्हणून जाणते लोक पाण्याचा प्रवाह क्षणभर थांबवून पिचकारीनें त्याच्या तोंडांतच चुन्याची दाट कालवण घालतात. हेंही थोड्याच संख्येवर चालतें. चुना अधिक झाला तर पाण्याचा गुण बिघडून प्रवाळांसच अपाय होतो. प्रादुर्भाव मोठा असल्यास नैसर्गिक शत्रूच आणावा लागतो. लायस्माटा जातीची कोळंबी त्यास खाते. मात्र तशीच दिसणारी दुसरी कोळंबी चुकून आणली तर ती प्रवाळच कुरतडते. बर्घिया नांवाची कवचहीन समुद्रगोगलगाय तर केवळ याच भक्ष्यावर जगते, आणि भक्ष्य संपतांच उपासमारीनें मरते. याबरोबरच मालकानें आपलाही हात आंखडला पाहिजे. माशांस घातलेलें जादा अन्न या शत्रूच्याच पोटीं जातें. रक्तबीजाचा अंतही घावांनीं झाला नाहीं. चामुंडेनें त्याचें रक्त भूमीवर पडूं दिलें नाहीं, तेव्हांच तो संपला.

परंतु कथेचा शेवट एवढ्यानें होत नाहीं. या समुद्रपुष्पाच्या अंगांत प्रवाळांप्रमाणेंच सूक्ष्म शैवाल वस्तीस असतें व त्यास अन्न पुरवितें. समुद्र अतिशय तापला म्हणजे प्रवाळ हें शैवाल गमावून पांढरे पडतात. ऑस्ट्रेलियाच्या महाप्रवाळभित्तीवर १९९८, २००२, २०१६ व २०१७ या सालीं हा अनर्थ मोठ्या प्रमाणावर झाला. त्याचें कारण शोधणाऱ्यांस भराभर वाढणारा, सहज जगणारा प्राणी हवा होता, तो हाच. २०१५ मध्यें त्याची संपूर्ण आनुवंशिक लिपि प्रसिद्ध झाली. ज्या गुणामुळें पेटीचा मालक त्यास शाप देतो, त्याच गुणामुळें प्रयोगशाळेंत त्याची जोपासना होते. ट्रेम्ब्लेनें तुकडे केले ते जाणण्यासाठीं. हौशी माणूस करतो ते रागानें. पहिल्यास ज्ञान मिळालें, दुसऱ्यास नवे शत्रु. उपद्रवी जीवास आवरावयाचें असेल, तर हत्यार उचलण्यापूर्वीं त्याचा स्वभाव ओळखावा, हाच या पावणेतीनशे वर्षांचा बोध होय.