सरकारी यंत्र आणि क्लेमेंटचे कारागीर



माझा सारा जन्म शाळेंत गेला. गणिताच्या तासाला लॉगरिदमचीं कोष्टकें उघडतांना 'आंकडा नीट पाहून घ्या' असें मी मुलांना नेहमीं बजावीत असें. एकदां एका विद्यार्थ्यानें विचारलें, 'गुरुजी, पण पुस्तकांतलाच आंकडा चुकला असला तर?' याच प्रश्नापासून आजची हकीकत सुरू होते.

१८२१ सालीं लंडनमध्यें चार्ल्स बॅबेज व जॉन हर्शेल हे दोघे मित्र हातानें केलेलीं कोष्टकें ताडून पाहत होते. पानोपानीं चुका निघाल्या. अशाच आंकड्यांवर विसंबून खलाशी समुद्रांत जहाजें हांकीत. तेव्हां गणित करणारें यंत्रच कां बनवूं नये, असें बॅबेजच्या मनानें घेतलें. १८२३ सालीं ब्रिटिश सरकारनें त्यासाठीं दीड हजार पौंड मंजूर केले. परंतु अर्थमंत्री व बॅबेज यांच्यांत काय ठरलें, याची नोंद कागदावर झाली नाहीं. पुढील साऱ्या तंट्याचें मूळ येथें आहे.

यंत्र घडविण्याचें काम जोसेफ क्लेमेंटकडे आलें. तो एका विणकराचा मुलगा. शिक्षण बेताचें, घरांवर छपरें घालण्यापासून सुरुवात केलेली. पण लेथ चालविण्यांत व नकाशे काढण्यांत त्याचा हात धरणारे थोडेच होते. यंत्राला सुमारें पंचवीस हजार भाग लागणार होते. त्यांत एकासारखीं एक शेंकडों दांत्यांचीं चाकें. असें काम पूर्वीं कोणीं केलेलेंच नव्हतें. म्हणून चाकें करण्याआधीं तीं करण्याचीं हत्यारें करावीं लागलीं. सरकारच्या पैशानें कारखाना वाढला, कारागीर वाढले.

आतां पैशाची वाट पाहा. क्लेमेंट बिल करी. तें बॅबेजकडे जाई. जाणते एंजिनियर तें तपाशीत. मग खजिन्याची मंजुरी. ती लांबली म्हणजे बॅबेज कधीं पदरचे पैसे भरी. कारागिराच्या घरची चूल मात्र मंजुरीसाठीं थांबत नाहीं!

१८३२ च्या अखेरीस सुमारें दोन हजार भागांचा एक तुकडा जुळवून तयार झाला व तो बिनचूक चालला. पण त्याच सुमारास कारखाना बॅबेजच्या घराजवळ हलवावा असें ठरलें. क्लेमेंटनें त्याबद्दल भरपाई मागितली. ती नाकारण्यांत आली. पुढें बॅबेजनेंही पदरचे पैसे देण्याचें बंद केलें. मार्च १८३३ मध्यें क्लेमेंटनें काम थांबवून कारागिरांना रजा दिली. १८३४ सालीं त्यानें नकाशे व तयार भाग परत केले; हत्यारें मात्र धंद्याच्या रिवाजाप्रमाणें त्याच्याकडेच राहिलीं. १८४२ सालीं सरकारनें हें काम कायमचें सोडून दिलें. तोंवर सतरा हजारांहून अधिक पौंड खर्ची पडले होते, आणि तयार भागांपैकीं बरेचसे पुढें मोडींत वितळले.

क्लेमेंटला लोभी म्हणणारे पुष्कळ आहेत. त्याचीं बिलें हलकीं नव्हतीं, हें खरें. परंतु एकाच गिऱ्हाइकाच्या भरंवशावर ज्यानें कारखाना वाढविला, त्यानें तो हलविण्याचा खर्च मागावा, यांत मला वावगें दिसत नाहीं. आणि मंत्री, पंडित व मक्तेदार या तिघांच्या भांडणांत ज्यांची रोजी गेली, त्या कानस चालविणाऱ्यांना तर कोणींच कांहीं विचारलें नव्हतें.

मग त्यांचे श्रम फुकट गेले काय? नाहीं. क्लेमेंटच्या हाताखालीं जोसेफ व्हिटवर्थ नांवाचा एक तरुण होता. त्यानें १८३३ सालीं मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला. आणि स्क्रूचे आटे सर्वत्र एकाच मापाचे असावे, अशी पद्धत १८४१ सालीं मांडली. बॅबेजनें मागाहून काढलेल्या दुसऱ्या आराखड्यावरून लंडनच्या सायन्स म्यूझियमनें १९९१ सालीं यंत्राचा गणिती भाग घडविला. त्या काळच्या कारागिरांना साधेल इतकाच काटेकोरपणा भागांत ठेवला होता, तरी यंत्र बिनचूक चाललें. कारागिरांचे हात कमी पडले नव्हते. कमी पडला तो एक स्पष्ट करारनामा.

माझ्या विद्यार्थ्याला त्या दिवशीं मला उत्तर देतां आलें नाहीं. आज इतकेंच सांगेन: आंकडा चुकूं नये म्हणून कांहीं माणसें दहा वर्षें लोखंड-पितळ घाशीत होतीं. कोष्टक उघडतांना त्यांचीही आठवण ठेवावी.