दिनविशेष : ४ जून
अभिनेत्री नूतन यांचा जन्म (१९३६)

शोभना समर्थ यांची ही कन्या मुंबईत जन्मली. ‘सीमा’तल्या (१९५५) बंडखोर मुलीने तिला पहिला फिल्मफेअर पुरस्कार दिला. पुढे ‘सुजाता’, ‘बंदिनी’, ‘मिलन’ आणि ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ धरून सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पाच पुरस्कार झाले. हा विक्रम २०२५ पर्यंत कुणीच मोडला नव्हता. भाची काजोलनेही त्याची बरोबरी केली. समीक्षकांनी सर्वाधिक वाखाणली ती बिमल रॉय यांची ‘बंदिनी’ (१९६३). त्यात नूतनने साकारलेली कल्याणी विष देण्याआधी जवळजवळ काहीच बोलत नाही. बाहेर घणाचे घाव, वेल्डिंगचा लखलखाट आणि तिच्या चेहऱ्यावर राग, दुःख, निर्धार. हिंदी पडद्यावर इतका संयत आणि इतका भेदक अभिनय क्वचितच झाला आहे.