शून्य की 'माहीत नाही'?

आज एका शून्याची गोष्ट. पहिल्या नोकरीत मी एका शाळेसाठी निकालाचं ॲप लिहीत होतो. तापामुळे गणिताच्या पेपरला न आलेल्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर छापून आलं: गणित ०. डेटाबेसमध्ये तो रकाना रिकामा होता, म्हणजे नल. एरर वगैरे काहीच नाही. दोन दिवस क्वेरी तपासत बसलो. क्वेरी बरोबर होती!

ही गोची जुनी आहे. १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी १९८५ मध्ये आपले प्रसिद्ध नियम दिले. त्यातला तिसरा सांगतो की नल म्हणजे शून्य नाही, कोरी स्ट्रिंगही नाही. ती 'माहिती नाही' याची वेगळी खूण. आता जावाकडे या. तिथला साधा इंट ३२ बिटांचा, आणि त्या बिटांची कुठलीही मांडणी केली तरी एक आकडाच निघतो. 'माहीत नाही'ला जागाच नाही! म्हणून १९९७ मध्ये जावा १.१ सोबत जेडीबीसी आलं, त्यात गेटइंट नलच्या जागी गुपचूप ० देतं. खरं काय ते कळायला लगेच वॉजनल विचारायचं. मी कुठे विचारलं होतं?

मग इंटऐवजी इंटिजर ऑब्जेक्ट घेतला, गेटऑब्जेक्टने वाचला. लगेच बेरजेच्या ओळीवर नलपॉइंटर एक्सेप्शन! पण ते परवडलं, निदान ओरडतं तरी. शेवटी 'गैरहजर' छापलं. तोवर पहिली प्रत तिच्या बाबांच्या हातात पोचली होती.