लाल गव्हाची गोष्ट

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, म्हणजे ४ मे रोजी, संयुक्त महाराष्ट्राला कडाडून विरोध करणारे मुंबईचे अनभिषिक्त राजे स. का. पाटील हे दूर वॉशिंग्टनला एका करारावर सही करीत होते. पाटील तेव्हा केंद्राचे अन्नमंत्री होते आणि सहीच्या वेळी अध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः हजर होते. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, असा तो सौदा होता. हिशेब मांडून पाहावा : दहा हजार टनांहून मोठी एक बोट रोज, अशी चार वर्षे एकही दिवस न चुकता!

हा गहू ज्या कायद्याखाली आला तो अमेरिकेचा १९५४ चा ‘पब्लिक लॉ ४८०’. आपल्याकडे त्याचे ‘पी. एल. ४८०’ झाले. भारताशी त्याखालचा पहिला करार १९५६ साली झाला. हे दान नव्हते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अमेरिकन शेतकऱ्यांची कोठारे धान्याने फुगली होती, भाव कोसळायची भीती होती. आणि आपल्या तिजोरीत डॉलर नव्हते. तेव्हा तोड निघाली ती अशी : गहू न्या, पैसे रुपयांत द्या. गावच्या वाण्याने पोते घरपोच करावे आणि म्हणावे, “पैसे तुमच्याच पेटीत माझ्या नावाने ठेवा, त्यातले बरेचसे तुम्हीच कर्जाऊ घ्या, थोडे माझ्या इथल्या खर्चाला राहू द्या.” असा वाणी कोणाला नको होईल? मात्र पेटीतली रक्कम वर्षावर्षाला वाढत गेली आणि पेटी आपली असली तरी किल्लीवर हात दोघांचा राहिला.

घरोघरच्या बायकांना या अर्थशास्त्राशी कर्तव्य नव्हते. त्यांना दिसे तो तांबूस गहू. त्याची पोळी वातड होते ही तक्रार माझी आजी अखेरपर्यंत करीत असे. पण त्याच दमात ती हेही सांगे, की तिच्या माहेरी पोळी सणावारी व्हायची, रोजची भाकरी. रेशनचे कार्ड आले आणि पोळी रोजची झाली. कोकणातला भात खाणारा आणि देशावरचा ज्वारी खाणारा माणूस चपातीला सरावला, त्यात या बोटींचा वाटा नक्कीच आहे.

शेतकऱ्याचे काय झाले, यावर पंडितांचे एकमत नाही. बी. आर. शेणॉय यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ बजावीत होते, की बाहेरचा स्वस्त गहू बाजारात ओतला की इथल्या शेतकऱ्याला भाव मिळत नाही आणि मग तो जास्त पिकवील कशाला? पुण्याच्या गोखले संस्थेतून नीलकंठ रथ आणि पटवर्धन यांनी १९६७ साली या मदतीच्या परिणामांवर एक ग्रंथच लिहिला. मला स्वतःला वाटते, की शेतकऱ्याहून अधिक सुस्ती सरकारला आली. बंदरात रोज बोट लागते म्हटल्यावर विहिरी, बी-बियाणे, खते यांची निकड कोणाला जाणवणार?

ती निकड १९६५ ने दाखवून दिली. पाऊस दगा देऊन गेला. ८ कोटी ९० लाख टनांवरचे धान्याचे उत्पादन ७ कोटी २० लाखांवर घसरले. त्यातच सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध. जुन्या कराराची मुदत त्या उन्हाळ्यातच संपली होती आणि अध्यक्ष जॉन्सन लांब मुदतीचा नवा करार करायला तयार नव्हते. ते महिन्या-दोन महिन्यांपुरता गहू सोडत आणि पुढचा हप्ता हातात धरून ठेवीत. जहाजातून उतरलेले धान्य थेट तोंडात, अशी स्थिती आली. लालबहादुर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याची हाक दिली ती याच काळात. लोकांनी ती मनापासून पाळली. हॉटेलेसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागली. १९६६ साली परदेशातून आलेले धान्य एक कोटी टनांच्या वर गेले. त्याच वर्षी ६ जूनला रुपयाचे अवमूल्यन झाले, ४.७६ रुपयांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. त्यामागे मदत देणाऱ्यांचा आग्रह होता, हे आता लपून राहिलेले नाही. पुढे व्हिएतनामवरील बॉम्बवर्षाव थांबवा, असे इंदिरा गांधी म्हणाल्या आणि तेही वॉशिंग्टनला झोंबले.

मात्र या अडवणुकीतून एक भलतेच फळ निघाले. अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम यांना शेतीत पैसा ओतायचाच होता. मंत्रिमंडळात त्यांचे ऐकले जात नव्हते. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोमला त्यांनी अमेरिकेचे शेतीमंत्री फ्रीमन यांच्याशी बोलणी केली आणि जे आपल्याला करायचे होते तेच अटींच्या कागदावर उतरवून घेतले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. १९६६ साली मेक्सिकोतून बुटक्या गव्हाचे १८ हजार टन बियाणे आले. १९६८ साली गव्हाच्या क्रांतीचे टपाल तिकीट निघाले. १९७१ अखेर सवलतीचा गहू बंद झाला. ७२ च्या दुष्काळात आमच्याकडे जो मिलो आला, ज्याची भाकरी जुनी माणसे अजून तोंड वाकडे करून आठवतात, त्या वर्षी परदेशी धान्याला रोकड मोजावी लागली होती.

आता गाजरगवताविषयी. आमच्या शाळेच्या मैदानावर दर पावसाळ्यात ते उपटण्याचा कार्यक्रम असतो आणि दरवर्षी एखादा मुलगा विचारतो, “सर, हे अमेरिकेच्या गव्हातून आले ना?” गावोगाव हेच सांगतात. पण तारखा जुळत नाहीत. पुण्यात ते १९५६ पूर्वीच दिसले होते आणि पी. एल. ४८० चा पहिला करार त्याच वर्षीच्या ऑगस्टातला. १९५१ साली अमेरिकेने गव्हासाठी कर्ज दिले होते, त्या गव्हातून आले असेल तर असेल. करारातल्या गव्हाने त्याचा प्रसार वाढवला असेल, पण सगळे पाप त्याच्या माथी मारता येत नाही.

पेटीतल्या रुपयांचा निकाल १९७४ च्या फेब्रुवारीत लागला. राजदूत मॉयनिहन यांनी आपल्या सरकारच्या हाती १,६६४ कोटी रुपयांचा एकच धनादेश ठेवला आणि बहुतेक खाते मिटले. पण त्याआधी त्या रुपयांतून एक खरेदी झाली होती. १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कचेरीने (या काँग्रेसचा गवताशी संबंध नाही!) भारतीय भाषांतली नवी पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे पाठवायला सुरुवात केली. त्यात मराठीही होती. आपल्याकडे ज्यांच्या प्रती रद्दीत गेल्या, वाळवीने खाल्ल्या, अशी त्या काळातली कित्येक मराठी पुस्तके शिकागोसारख्या ठिकाणच्या कपाटांत आज नीट लावून ठेवलेली आहेत.