अनिश्चिततेतील निर्णय
परिणाम आधी ठाऊक नसताना माणसे महत्त्वाचे निर्णय प्रत्यक्षात कसे घेतात, याचा प्रायोगिक अभ्यास. डॅनियल कानेमान व एमस टव्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले, की नफ्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख अधिक तीव्र असते. १९८२ मध्ये बार्बरा मॅकनील, टव्हर्स्की व सहकाऱ्यांनी रुग्ण, डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना विचारले : फुप्फुसाचा कर्करोग झाल्यास शस्त्रक्रिया निवडाल की किरणोपचार? आकडे तेच होते. काहींना ते जगण्याच्या शक्यतेचे म्हणून सांगितले, काहींना मृत्यूच्या. मृत्यूचा उल्लेख होताच शस्त्रक्रिया निवडणारे घटले. डॉक्टरही याला अपवाद नव्हते. रुग्णाची संमती घेताना शब्द किती जपून वापरावेत, हे यातून उघड होते.

मात्र कागदावरचा प्रश्न म्हणजे प्रत्यक्ष प्रसंग नव्हे. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांना अमेरिकेतील अग्निशमन अधिकारी पर्यायांची तुलना क्वचितच करताना आढळले; अनुभवाने परिस्थिती ओळखून सुचलेला पहिला मार्ग ते मनात तपासत व चालण्याजोगा वाटल्यास लगेच अवलंबत. परिस्थितीत पुरेशी नियमितता असेल आणि ती शिकण्याची संधी मिळाली असेल, तरच अशा अंतःप्रेरणेवर विसंबावे, असे कानेमान व क्लाइन यांनी २००९ मध्ये संयुक्तपणे लिहिले. कानेमान यांना २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले; टव्हर्स्की १९९६ मध्येच निवर्तले होते.