वाघ्या कुणाचा? धाराशिवचे डोंगर, तळी आणि सोबतीचा कुत्रा



आजचा विषय ऐकून पुढच्या रांगेतल्या काही जणांना हसू आलेलं दिसतंय. इतिहासाच्या व्याख्यानात कुत्रा कुठून आला, असं वाटणं साहजिक आहे. अलीकडे रविवारी सकाळी येडशीच्या रामलिंग घाटाकडं, हातलाई तलावाकडं किंवा नळदुर्गाकडं जाणारी तरुण मंडळी आपण बघतो. पाठीवर पिशवी, पायात चांगले बूट आणि सोबत कुत्रा. मागची पिढी म्हणते, हे शहरी फॅड आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. या जिल्ह्यात डोंगर चढण्याची सर्वांत जुनी रीत कुत्र्यासोबतचीच आहे. नवीन काय असेल तर ते एवढंच, की आपण काम नसताना जातो. आणि बिनकामाचं जाणं सुरू झालं की जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. आज त्या प्रश्नापर्यंत जायचंय, पण इतिहासाच्या वाटेनं.

आधी भूमी बघू. आपला जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगेवर बसलाय. हे डोंगर सह्याद्रीसारखे उंच कड्यांचे नाहीत. वर सपाट माळ, कडेला अचानक तुटलेली घळ आणि घळीत झाडी, अशी त्यांची ठेवण. पाऊस बेताचा, त्यामुळं जंगल पानगळीचं. फाल्गुनात उघडं पडतं, आषाढात पुन्हा हिरवं होतं. जिल्ह्याचं क्षेत्रफळ 7,569 चौरस किलोमीटर आणि रामलिंग घाटाचं अभयारण्य सुमारे 22 चौरस किलोमीटर. हिशोब केला तर हजार भागांतले तीन भाग. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

अशा मुलखात डोंगरावर पहिली वाट पाडली कुणी? राजानं नाही आणि यात्रेकरूनंही नाही. ती जनावरामागं चालणाऱ्या माणसानं पाडली. उस्मानाबादी शेळी देशभर प्रसिद्ध आहे, ती याच माळांवर वाढली. शेळ्या-मेंढ्या आल्या की लांडगा आला, लांडगा आला की कुत्रा आला. धनगराचा कुत्रा दिवसा कळपाच्या कडेनं चालतो आणि रात्री वाड्याभोवती जागतो. त्याला कुणी फिरायला नेत नाही, तो कामावर असतो. आज आपण ज्या पायवाटांनी घळीत उतरतो, त्यातल्या कितीतरी वाटा पाणवठ्याकडं जाणाऱ्या कळपांनी घट्ट केलेल्या आहेत.

आता हा कुत्रा देवळात कसा शिरला ते बघू. नळदुर्ग आणि अणदूर ही शेजारची गावं. तिथला खंडोबा एकच, देवळं दोन. देव वर्षातले सुमारे दहा महिने अणदूरला असतो आणि उरलेले दोनेक महिने नळदुर्गला. पौष पौर्णिमेला नळदुर्गात मोठी यात्रा भरते. म्हणजे आपल्याकडं देवसुद्धा एका जागी बसून राहत नाही, तो चालतो. आता घरच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक आठवा. घोड्यावर देव, शेजारी म्हाळसा आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा. देवाच्या दोन बायकांपैकी म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. एक गावातली, एक रानातली.

गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन संशोधक होते. 1992 साली ते गेले. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी महाराष्ट्रात धनगरांबरोबर, खंडोबा-बिरोबाच्या जत्रांमध्ये काढला. हे दैवत समजून घ्यायला त्यांनी दोन शब्द वापरले: वन आणि क्षेत्र. वन म्हणजे रान, जिथं नांगर चालत नाही. क्षेत्र म्हणजे कसलेली जमीन, गाव, देऊळ. खंडोबा या दोन्हींना जोडतो. मी त्यात एवढीच भर घालतो, की त्या जोडणीवर पहारा करणारं जनावर म्हणजे कुत्रा. तो रानातल्या लांडग्याचा भाऊबंद आणि माणसाच्या भाकरीचा वाटेकरी. तो शिवेवरचा प्राणी आहे.

खंडोबाच्या भक्ताला आपण वाघ्या म्हणतो. नाव वाघाचं. पूर्वी वाघ्याची भंडाऱ्याची पिशवीही वाघाच्या कातड्याची असे. पण काही ठिकाणच्या विधींत हाच वाघ्या देवाचा कुत्रा होतो. भुंकतो, कोटंब्यातलं अन्न जमिनीवर ठेवून खातो. वाघाचं नाव आणि कुत्र्याची निष्ठा एका माणसात एकत्र! गावोगावच्या कुत्र्यांना आपण वाघ्या नावानं हाक मारतो, तेव्हा एवढा सगळा इतिहास त्या हाकेत असतो.

थोडं तेरकडं वळू. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथून माल निघे तो रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून, गाड्यांवर लादून. आणि तेर गोरोबाकाकांचं. परंपरा सांगते की गोरोबांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. पुढं नामदेवांना विसोबा खेचरांकडून बोध झाला. मग ती कथा येते, जी आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय: कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणत. कच्चं मडकं भाजल्याचा पुरावा काय, तर कुत्र्यामागं धावणं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी ग्रीक डायोजेनीस शिकवत असे. त्याला लोक कुत्रा म्हणत आणि त्याच्या पंथाचं नावही ग्रीक भाषेतल्या कुत्र्याच्या शब्दावरून पडलं. पण तिथं माणूस समाजाला हिणवण्यासाठी कुत्र्यासारखा राहतो. इथं माणूस कुत्र्याला तूप वाढायला धावतो. फरक मोठा आहे.

आता तळ्यांकडं येऊ, कारण डोंगर फिरणारा माणूस शेवटी पाण्याशीच थांबतो. नळदुर्गात बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, 1613 साली तो झाला. पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन धबधबे बांधावरून कोसळतात आणि आत महालात बसलेल्या माणसाला पाण्याचा पडदा दिसतो. कामासाठी अडवलेलं पाणी मौजेसाठीही बघता येतं, ही कल्पना आपल्या जिल्ह्यात चारशे वर्षं जुनी आहे. 1853 च्या तहानं निजामानं हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हा फिलिप मेडोज टेलर इथं अधिकारी म्हणून आले आणि नळदुर्गातच राहिले. त्यांची ‘तारा’ ही 1863 सालची कादंबरी. तिची नायिका तुळजापूरची आहे. 1860 मध्ये मुलूख परत निजामाकडं गेला.

पण आज ज्या छोट्या तळ्यांच्या बांधावर बसून आपण डबा उघडतो, ती आदिलशाहीतली नाहीत. त्यांतले कितीतरी पाझर तलाव 1972 च्या दुष्काळातले आहेत. दुष्काळी कामावर आलेल्या बायाबापड्यांनी डोक्यावर माती वाहून ते बांध घातले. इथं बसलेल्यांपैकी काहींच्या आईवडिलांनी त्यात घमेली उचलली असतील. बांधावर बसताना, कुत्र्याला पाण्यात सोडताना हे आठवावं. ते गुराढोरांचं पाणी आहे आणि खालच्या विहिरींचंही.

आता मूळ प्रश्न. 1997 मध्ये रामलिंग घाटाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. देवस्थानाचा मान आधीपासून होताच, लोक जटायूची कथा तिथंच सांगतात. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला. शेतं, रस्ते, रेल्वे ओलांडत. वाघ्याच्या मुलखात वाघ परत आला! मग आपल्या वाघ्याचं काय करायचं?

अभयारण्यात पाळीव कुत्रा नेऊ नये. हे मी नियमाचा धाक घालण्यासाठी सांगत नाही, कारण सांगतो. कुत्रा हरणाच्या, सशाच्या, मोराच्या मागं लागतो. आपल्याला तो खेळ वाटतो, त्या जनावराचा मात्र जीव जातो. दुसरं कारण रोगाचं. 2018 मध्ये गीरमध्ये 20 हून अधिक सिंह दगावले, त्यात कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूचा हात होता. तो कुत्र्यांमध्ये नेहमी आढळतो. आपल्या माळावरचा लांडगा तर कुत्र्याच्या नात्यातलाच आहे, त्याला हा धोका अधिकच. आणि तिसरं कारण न्यायाचं. जंगल राखायचं म्हणून आपण धनगराला सांगतो, इथं मेंढरं आणू नकोस. त्याचं पोट त्यावर आहे, तरी सांगतो. मग रविवारच्या पाहुण्यानं हौसेसाठी कुत्रा मोकळा सोडावा, हे कसं चालेल?

इथं कुणीतरी महाभारत काढेल, आणि काढावंच. महाप्रस्थानिक पर्वात पांडव हिमालय चढतात, एकेक जण पडतो, शेवटी युधिष्ठिर आणि मागून आलेला कुत्रा उरतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही, त्याला सोड. युधिष्ठिर नाही म्हणतो. आपल्या आश्रयाला आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग मला नको. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म, हे नंतर कळतं. मग कुणी म्हणेल, सर, युधिष्ठिरानं दारातून कुत्रा आत नेण्याचा हट्ट धरला, तुम्ही दारातच थांबवताय!

नीट वाचा. युधिष्ठिराचा हट्ट कुत्रा आत नेण्याचा नव्हता. त्याला टाकून देण्याला त्याचा नकार होता. कुत्रा येणार नसेल तर मीही येत नाही, असं तो म्हणतो. हीच आपल्यासाठी वाट आहे. कुत्रा सोबत असेल त्या दिवशी रामलिंगच्या जंगलात जाऊ नका, दुसरीकडं जा. माळरानाच्या गाडीवाटा आहेत, शिवारातले पाझर तलाव आहेत, आपल्या गावचा डोंगर आहे. हजारातले तीन भाग रानाला सोडले तरी उरलेला जिल्हा चालायला मोकळा आहे. कळप दिसला की दोरी आखडून घ्या. धनगराच्या कुत्र्याला आपला वाडा राखायचा असतो, त्याला तुमच्या कुत्र्याशी ओळख करून घ्यायची नसते. रेबीजची आणि डिस्टेंपरची लस वेळेवर द्या. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत परत फिरा, कारण काळा खडक तापला की कुत्र्याचे पंजे भाजतात आणि त्याला ते सांगता येत नाही. त्याच्यासाठी पाणी वेगळं घ्या. आणि हौस फिटली म्हणून घाटात कुत्रा सोडून येणारी माणसं आहेत. त्यांना एवढंच सांगतो, की युधिष्ठिरानं ज्याला नकार दिला, नेमकं तेच तुम्ही करताय. तो सोडलेला कुत्रा भुकेनं शिकार करतो, मग आपणच म्हणतो, कुत्रे माजलेत.

कुत्रा शिवेवरचा प्राणी आहे, असं मघाशी म्हटलं. धनगराच्या कुत्र्याला आपली शीव ठाऊक असते, कारण त्याला काम आहे आणि मालक आहे. हौसेच्या कुत्र्याला शीव ठाऊक नसते. त्याच्यासाठी ती आपण ओळखायची. वाघ्या कुणाचा, याचं उत्तर मला एवढंच दिसतं: जो त्याच्यासाठी थांबायला तयार आहे, त्याचा.

एवढं बोलून थांबतो.  आता प्रश्न घेऊ.