पाच पक्षांचं न्यूयॉर्क

जानेवारी २०२०मध्ये एका मुलाखतीत अलेक्झांड्रिया ओकासियो-कोर्टेझ अशा अर्थाचं बोलून गेल्या की, दुसऱ्या कुठल्याही देशात मी आणि जो बायडन एका पक्षात नसतो. ते वाक्य गाजलं, काहींना झोंबलंही. पण त्यात खोटं काय होतं? तेव्हापासून मीही एक खेळ अधूनमधून खेळतो. अमेरिकेचे दोन पक्ष फोडायचे आणि नवे मांडायचे. डावीकडे सँडर्स आणि कोर्टेझ यांचा समाजवादी पक्ष, मधे बायडन यांचे मवाळ, मग करकपातवाले जुने रिपब्लिकन, पलीकडे ट्रम्प यांचा राष्ट्रवादी पक्ष, कोपऱ्यात एखादा पर्यावरणवादी. मग युत्या, आघाड्या, रुसवेफुगवे, रिसॉर्ट. आपल्याला हे सगळं सवयीचं आहे.

मित्रांमध्ये हा खेळ रंगात आला की कुणीतरी हमखास म्हणतं, "अमेरिकन माणसाला हे जमणारच नाही. त्याचा स्वभावच दोनातून एक निवडायचा." बराच काळ मलाही हे पटत होतं. मग न्यूयॉर्क शहराच्या महानगर परिषदेचा १९३७ ते १९४९ हा काळ वाचनात आला. कोर्टेझ ज्या शहरातून निवडून येतात, त्याच शहरात हा खेळ खरोखर खेळला गेला होता. ऐंशीएक वर्षांपूर्वी, खऱ्या मतदारांनी, खऱ्या मतपत्रिकांवर. आणि तो बंदही तिथल्या मतदारांनीच पाडला.

गोष्ट सुरू होते टॅमनी हॉलपासून. टॅमनी हॉल म्हणजे मॅनहॅटनमधली डेमोक्रॅटिक पक्षाची संघटना. कोळसा संपला, पोराला नोकरी हवी, पोलिसांनी उचललं, की गल्लीतल्या टॅमनीच्या माणसाकडे जायचं आणि निवडणुकीत त्याची परतफेड करायची. आपल्याकडच्या वाचकाला हे जास्त समजावून सांगायला नको. १९३०च्या सुमारास सॅम्युएल सीबरी या माजी न्यायाधीशाच्या चौकशीने या यंत्राचं झाकण उघडलं. महापौर जिमी वॉकर यांना १९३२मध्ये राजीनामा द्यावा लागला आणि ते युरोपला निघून गेले. पुढच्या वर्षी फिओरेलो ला ग्वार्दिया महापौर झाले. पक्षाने रिपब्लिकन, पण टॅमनीला कंटाळलेल्या सगळ्यांची मोट बांधून निवडून आलेले.

महापौर बदलला, तरी नगरसेवकांचं मंडळ टॅमनी आणि तिच्या भाईबंदांच्याच हातात राहिलं. १९३५च्या निवडणुकीत डेमोक्रॅटांना साधारण ६६ टक्के मतं मिळाली आणि जागा मिळाल्या ९५ टक्के. म्हणजे शहरातला दर तिसरा मतदार दुसऱ्या कुणाला तरी मत देत होता आणि सभागृहात त्याच्या बाजूने बोलायला जवळपास कुणीच नव्हतं. यात मतपेटी पळवायची गरजही नव्हती. एका वॉर्डात एकच जागा आणि ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी, एवढा साधा नियम हे काम चोख करत होता.

सुधारकांनी मग नियमालाच हात घातला. नोव्हेंबर १९३६मध्ये शहराची नवी सनद आणि नवी मतदानपद्धती असे दोन वेगवेगळे प्रश्न मतदारांपुढे ठेवले गेले. दोन्हींना होकार मिळाला.

ही नवी पद्धत समजायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. जून २०२२मधली आपली विधान परिषदेची निवडणूक आठवा. त्या रात्री आमदार सुरतच्या रस्त्याला लागले, ते बाजूला ठेवू. पण त्याआधी दिवसभर बातम्यांमध्ये दोन शब्द सारखे कानावर पडत होते: 'कोटा' आणि 'पहिल्या पसंतीची मतं'. आमदार एकाला मत देऊन थांबत नाहीत, उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देतात. कोटा पूर्ण झाला की उमेदवार निवडून येतो. त्याच्याकडची जादा मतं पुढच्या पसंतीला जातात. जो सगळ्यांत मागे असतो तो बाद होतो आणि त्याची मतंही पुढे सरकतात. राज्यसभेची निवडणूकही अशीच होते. पाठ्यपुस्तकात या पद्धतीला 'एकल संक्रमणीय मत' असं जड नाव आहे. आपल्याकडे ती मूठभर आमदारांसाठी आहे. न्यूयॉर्कने ती लाखो सामान्य मतदारांच्या हातात दिली.

वॉर्ड रद्द झाले. मॅनहॅटन, ब्रुकलिन, ब्राँक्स, क्वीन्स, स्टेटन आयलंड असा प्रत्येक विभाग हाच एक मतदारसंघ झाला. कोटा ठरला ७५,००० मतांचा. विभागात जितकी मतं पडतील, त्या हिशोबाने जागा. त्यामुळे परिषदेचा आकारही दर निवडणुकीला बदलायचा. १९३७मध्ये २६ सदस्य होते आणि युद्धाच्या काळात, १९४३मध्ये, मतदान घसरलं तेव्हा १७च. लोक घरी बसले की नगरसेवकच कमी, हा नियम मला फार आवडला.

पहिली मतमोजणी मात्र कठीण गेली. शेकडो माणसं मोठमोठ्या दालनांत टेबलं मांडून हाताने मतपत्रिका लावत, मोजत, पुन्हा दुसऱ्या गठ्ठ्यात सरकवत होती. काही आठवडे हे चाललं. आज एखाद्या लॅपटॉपवर ती सगळी मोजणी काही सेकंदांत उरकेल, पण तेव्हा पद्धतीच्या विरोधकांना आयतं हसायला मिळालं.

निकाल लागला तेव्हा हसू थांबलं. टॅमनी आणि तिच्या मित्रांचं प्रचंड बहुमत जाऊन डेमोक्रॅट निम्म्यावर आले होते. त्यांच्यासमोर रिपब्लिकन, सुधारकांचा फ्यूजन पक्ष आणि जेमतेम दीड वर्षाचा अमेरिकन लेबर पार्टी. परिषदेत आलेली एकमेव स्त्री, ब्रुकलिनच्या जेनेव्हीव अर्ल, याच पद्धतीतून आली. विरोधी आघाडीचं नेतृत्व बारूख चार्नी व्लाडेक यांच्याकडे होतं. झारच्या रशियात तुरुंग भोगून आलेले, यिद्दिश दैनिक 'फॉरवर्ड'चे व्यवस्थापक, पक्के समाजवादी. जुन्या वॉर्डांच्या पद्धतीत असा माणूस विरोधी बाकांचा नेता होणं अवघडच होतं.

लेबर पार्टीची जन्मकथाही नियमांचीच आहे. न्यूयॉर्कच्या शिलाई कारखान्यांतल्या हजारो समाजवादी कामगारांना १९३६मध्ये रूझवेल्ट हवे होते, पण टॅमनीच्या चिन्हावर मत टाकायला त्यांचा हात धजत नव्हता. न्यूयॉर्क राज्यात एकाच उमेदवाराला दोन पक्षांची उमेदवारी घेता येते. तेव्हा सिडनी हिलमन, डेव्हिड डुबिन्स्की या कामगार नेत्यांनी वेगळा पक्षच काढला. उमेदवार तोच, रूझवेल्ट, फक्त नाव लेबर पार्टीच्या रांगेत. मतं एकत्र मोजली जात, पण कुठल्या रांगेतून किती आली ते सगळ्यांना दिसे. लहान पक्षाला आपलं वजन दाखवण्याची ही फार सोपी सोय होती.

पुढच्या निवडणुकांत परिषद आणखी रंगीबेरंगी होत गेली. १९४१मध्ये हार्लेमचे तरुण धर्मोपदेशक अॅडम क्लेटन पॉवेल निवडून आले. न्यूयॉर्कच्या परिषदेतले ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य. त्याच वर्षी ब्रुकलिनमधून पीटर काकिओने जिंकले, कम्युनिस्ट पक्षाच्या नावावर. १९४३मध्ये पॉवेल यांनी वॉशिंग्टनकडे मोर्चा वळवला आणि त्यांची जागा बेंजामिन डेव्हिस यांनी घेतली. जॉर्जियात जन्मलेले, हार्वर्डमध्ये कायदा शिकलेले, कृष्णवर्णीय आणि कम्युनिस्ट. १९४५च्या निवडणुकीनंतर २३ जणांच्या परिषदेत पाच पक्ष होते: डेमोक्रॅट, रिपब्लिकन, लेबर, त्यातून फुटलेला लिबरल आणि कम्युनिस्ट. बहुमत अजूनही डेमोक्रॅटांचंच होतं, कारण शहराने त्यांनाच जास्त मतं दिली होती. १९४१मध्ये त्यांना ६४ टक्के मतं आणि सुमारे ६५ टक्के जागा मिळाल्या होत्या. मतांचा आणि जागांचा आकडा इतका जवळ आलेला आपल्याकडे क्वचितच दिसतो.

या गर्दीतून काही निघालं का? एक उदाहरण देतो. युद्धकाळात मॅनहॅटनमध्ये स्टायव्हसंट टाउन ही प्रचंड वसाहत मंजूर झाली. बांधणारी विमा कंपनी, करसवलत शहराची, आणि कृष्णवर्णीयांना घर द्यायचं नाही हे कंपनीचं धोरण. याविरुद्ध परिषदेत जे उभे राहिले त्यांत डेव्हिस होते आणि रिपब्लिकन स्टॅनली आयझॅक्स होते. भेदभाव करणाऱ्या पुढच्या प्रकल्पांना करसवलत मिळणार नाही, असा १९४४चा शहराचा कायदा या दोघांच्या नावाने ओळखला जातो. स्टायव्हसंट टाउन त्याआधीच मंजूर झालेलं असल्यामुळे निसटलं. तरीही एक कम्युनिस्ट आणि एक रिपब्लिकन मिळून कायदा मांडतात, हे चित्र आजच्या अमेरिकेत डोळ्यांपुढे आणून बघा.

टॅमनीने ही पद्धत घालवायचा प्रयत्न कधीच सोडला नाही. १९३८मध्ये राज्यभर मतदान झालं, पद्धत टिकली. १९४०मध्ये पुन्हा, पुन्हा टिकली. १९४७पर्यंत मात्र हवा बदलली होती. हिटलर हरला होता, शीतयुद्ध सुरू झालं होतं. शहराच्या परिषदेत दोन कम्युनिस्ट बसलेत, याचा अर्थ आता वेगळा लागत होता. प्रचार थेट होता: ही पद्धत मॉस्कोला दार उघडते. या वेळी डेमोक्रॅटांसोबत रिपब्लिकन संघटनाही उतरली. छोट्या पक्षांच्या भागीदारीपेक्षा जुना प्रतिस्पर्धी परवडला, हा हिशोब दोघांनाही कळत होता. नोव्हेंबर १९४७मध्ये मतदारांनी स्पष्ट बहुमताने पद्धत रद्द केली. त्याच वर्षी राज्याने कायदा करून दुसऱ्या पक्षाच्या माणसाला उमेदवारी घेण्यावरही बंधन घातलं. आता त्या पक्षाच्या समितीची परवानगी लागणार होती.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. मतदान झालं त्याच आठवड्यात काकिओने वारले. नियमाप्रमाणे त्यांच्या जागी त्यांच्याच पक्षाचा माणूस यायला हवा होता. परिषदेने तो घेतला नाही, खुर्ची रिकामी राहिली. डेव्हिस यांच्यावर १९४९मध्ये इतर कम्युनिस्ट नेत्यांसोबत खटला चालला. सरकार उलथवण्याच्या शिकवणीचा आरोप होता. ते दोषी ठरले आणि मुदत संपायला काही आठवडे उरले असताना परिषदेने त्यांना काढून टाकलं.

त्याच नोव्हेंबरात जुन्या नियमाने, एका मतदारसंघात एक जागा अशी निवडणूक झाली. डेमोक्रॅटांना ५२.६ टक्के मतं मिळाली. जागा २५पैकी २४. पंचविसावे सदस्य स्टॅनली आयझॅक्स. आता विरोधी पक्ष म्हणजे ते एकटेच.

हे आकडे मी पहिल्यांदा शेजारीशेजारी ठेवले तेव्हा थबकलो होतो. १९४५मध्ये पाच पक्ष, चार वर्षांनी जवळजवळ एकच. शहर तेच, गल्ल्या त्याच, माणसं बहुतेक तीच. चार वर्षांत कुणाचा स्वभाव बदलत नाही. आमच्या धंद्यात बोलायचं तर इनपुट साधारण तेच होतं, फंक्शन बदललं होतं.

इथे आपला वाचक म्हणेल, भारतातही ज्याला जास्त मतं तोच जिंकतो, मग आपल्याकडे इतके पक्ष कसे? कारण आपल्याकडे लढत राज्याराज्यात वेगळी आहे. एका मतदारसंघात खरी चुरस बहुतेक दोघातिघांतच असते, पण तमिळनाडूतले दोघे वेगळे आणि पंजाबातले वेगळे. दिल्लीत सगळे एकत्र आले की गर्दी दिसते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपद हे एकच मोठं बक्षीस सगळ्या राज्यांना त्याच दोन नावांभोवती गोळा करतं. आणि प्रतिनिधिगृहाच्या एका मतदारसंघातून एकच सदस्य, हे घटनेत लिहिलेलं नाही. ते १९६७च्या एका साध्या कायद्यात आहे. साधा कायदा साध्या बहुमताने बदलता येतो, निदान कागदावर.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कसारखा प्रयोग सुमारे दोन डझन अमेरिकन शहरांनी केला. सिनसिनाटीत तो १९२५ ते १९५७ चालला आणि कृष्णवर्णीय नगरसेवक थिओडोर बेरी महापौर होतील या धास्तीवर केलेल्या प्रचारात बुडाला. बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये, हार्वर्ड आणि एमआयटीच्या गावात, ही पद्धत १९४१पासून आजही चालू आहे. २०२४मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडने ती पहिल्यांदा वापरली. तिथले लोक तिला सरावतील की नाही ते पुढे दिसेल.

आता हा खेळ खेळताना मला एक गोष्ट टोचते. अमेरिकेत पाच पक्ष असते तर, अशी कल्पना करताना प्रत्येक जण स्वतःच्या आवडीचा पक्ष आधी सभागृहात बसवतो. न्यूयॉर्कच्या मतदाराचंही तसंच झालं असणार. व्लाडेक आले, अर्ल आल्या, पॉवेल आले, तोवर पद्धत चांगली होती. मग त्याच दारातून अशी माणसं आत आली, जी शहरातल्या अनेकांना डोळ्यांसमोर नको होती. त्यांना हजारो माणसांनी निवडलं होतं, हे त्या अनेकांना पुरेसं वाटलं नाही. त्यांना बाहेर काढायला दार बंद करावं लागलं, आणि दार बंद झालं तेव्हा बाकीचेही बाहेरच राहिले. बहुपक्षीय सभागृह हवं असेल, तर ज्याच्या नावानेही आपल्या कपाळाला आठी पडते, त्याच्यासाठीही तिथे एक खुर्ची ठेवावी लागते. न्यूयॉर्कने ती बारा वर्षं ठेवली होती.